ओटीपी येईपर्यंत

शिरपूर चौफुलीवर माझं दुकान.
इथे सातबारा निघतो, उत्पन्नाचा दाखला निघतो,
आणि जून-जुलैत पोरांची आयुष्यं
पर्याय क्रमांक एक, दोन, तीन
अशी ओळीने लागतात.
फॉर्मचे पन्नास रुपये. झेरॉक्स वेगळे.

तेजल गिरासे आली ती चार वाजता.
मुदत पाचची.
"काका, विमानात जायचंय."
म्हटलं, बस, तिकीटही काढून देतो.
हसली नाही.
"पुढच्या सीटवर. जिथे काच मोठी असते."

यादी उघडली.
मामा म्हणतो, कॉम्प्युटर घे, उडणं काय, नंतरही होतं.
क्लासचे सर म्हणतात, एरोनॉटिकल,
नावातच आहे ना.
तिच्या घरी माडीवर भाड्याने राहिलेला
शिकाऊ पायलट, केरळचा,
आपली शेवभाजी खाऊन डोळे पुसणारा,
तो जाताना सांगून गेला होता:
विमानाला पदवी दिसत नाही, तास दिसतात.
पण डोळ्यांचा डॉक्टर एखाद्या सकाळी
नाही म्हणू शकतो.
त्या दिवशी पायाखाली काहीतरी लागतं.
ते उसनं नको.

मी म्हटलं, म्हणजे काय भरू?
तिने पिशवीतून वही काढली.
मला वाटलं गुणपत्रिका.

१४ मे. दुपारी एक. पंचेचाळीस अंश. एकही उठलं नाही.
१५ मे. सकाळी साडेसहा. पूर्वेकडे तोंड करून उठलं.
२ जून. आता पश्चिमेकडे. वाऱ्याची पिशवी ताठ.
९ जून. पिशवी मेलेली. तीन वेळा उतरून पुन्हा वर गेलं.
तापलेल्या हवेत धावपट्टी कमी का पडते?
या ओळीखाली दोन रेघा.
पुढे जागा सोडलेली, चार बोटं.

अशी दोन वर्षांची वही.
गच्चीवर उभं राहून, कुरडयांची राखण करता करता लिहिलेली.
मी पंधरा वर्षं ती घरघर ऐकतोय
आणि दर वेळी वाटतं,
मागची पिठाची गिरणी चालू झाली.

कर्सर लुकलुकत होता कॉम्प्युटरवर,
मग मेकॅनिकलवर,
मग कशावरच नाही.
"काका, ही खिडकी राहू द्या.
बीएस्सीची उघडा."

उघडली. ओटीपी गेला बापाच्या फोनवर.
बाप केळी घेऊन दिल्लीला निघालेला,
बिजासन घाटात, नेटवर्कच्या पलीकडे.
आकडा दहा मिनिटांनी मरतो.
पहिला मेला.
दुसरा मेला.
मध्ये लाइट गेली, इन्व्हर्टर ओरडायला लागला,
तिने वही छातीशी धरली आणि
खुर्चीत एकदम ताठ बसली,
जणू पट्टा बांधलाय.

चार एकेचाळीसला फोन.
"बेटा, आते उना. लिही. चार."
"चार."
"शून्य."
"शून्य."
"नऊ. नऊ दोनदा शे."
"नऊ, नऊ."
एकेक आकडा घाटातून येत होता
आणि ती तो तसाच परत पाठवत होती,
शांत, तुटक,
एकही अक्षर जास्त नाही.
कुठे शिकली कोण जाणे.

सहा पुरे झाले. हिरवी खूण आली.
"काय लिधं मग?"
"फिजिक्स, बापू."
तिकडे नुसता ब्रेकचा हवा सोडल्याचा आवाज.
मग,
"त्यामा इमान शे का?"
"शे ना."
थोडं थांबली.
"पन पहिले हवा शे."

प्रिंट काढली. पन्नास घेतले,
झेरॉक्सचे वेगळे.
ती पायऱ्या उतरली तेव्हा
मागची गिरणी पुन्हा चालू झाली.
जुलै म्हणजे तोंड पश्चिमेला असणार.
उठून पाहिलं नाही.
डोमिसाईलसाठी एक मुलगा केव्हाचा उभा होता.